दुपारची रात्र

होळीची राख अजून कोमट असते
तेव्हाच मी रिमोट काढते शिवणाच्या डब्यातून.
त्याचे सेल दिवाळीत भिंतीवरच्या घड्याळाला दिलेले,
ते आता परत मागता येत नाहीत.

लोकांना एसी लागतो गारव्यासाठी.
आमच्याकडे रात्रीसाठी.
लीलाधर मालगाडी नेतो बडनेऱ्याला,
ड्युटी लागते रात्री अकराला,
म्हणजे मे महिन्यातल्या भुसावळात, भर बाराला,
मला एक रात्र करून ठेवावी लागते
दहा बाय अकराच्या खोलीत.

आधी खिडकी. काळा कागद कोपऱ्यात पालीनं की उन्हानं
कुणास ठाऊक, पण फाटलेला.
मागच्या साली तिथून रुपयाएवढा कवडसा आत यायचा,
पलंगावरून सरकत सरकत
अडीचला बरोबर त्याच्या पापणीवर.
यंदा दुहेरी कागद, वर चिकटपट्टी.

मग जाळ्या.
मोरीत उभ्या धरून पाणी सोडलं
की काळं नाही, तांबूस येतं:
यार्डातली धूळ,
हिवाळ्यात गल्लीभर वांगी भाजली त्या पऱ्हाट्यांची राख,
आणि एक लांब केस, माझाच.
पोरीच्या जुन्या ब्रशनं घासते,
सावलीत वाळवते. उन्हात वाकड्या होतात,
हे एकदा साडेआठशे रुपये देऊन शिकले.

मेकॅनिकचं आडनाव झोपे.
खरंच. यावलचा.
पहिल्या वर्षी मला हसू आवरलं नव्हतं,
आता आम्ही दोघंही त्यावर काही बोलत नाही.
स्टुलावर चढून तो पाइपात तार घालतो,
"वहिनी, कुंभारणीनं घर केलंय."
ओली मातीची गोळी बाहेर पडते, फुटते,
आत चार हिरव्या अळ्या, जिवंत, पण हलत नाहीत.
पिल्लांसाठी डंख मारून निजवून ठेवल्यात तिनं.
मी सुपलीत भरून नेते,
फेकताना हात जरा थांबतो.

वर गच्चीत तो आउटडोअरच्या पात्या विंचरतो,
तारेला मीटर लावून एक आकडा सांगतो.
मला कळत नाही, मी मान हलवते.
गेल्या उन्हाळ्यात तिथंच बिबड्या घातल्या होत्या,
पंख्याचा झोत पोचतो तिथल्या
दुपारीच कडक व्हायच्या.
त्याच्या झोपेतून काढलेली उष्णता,
मी का म्हणून वाया घालवू?
भंगाळे काकूंच्या जिन्यात त्याची झळ जाते,
म्हणून दरसाल दोन डझन बिबड्या त्यांच्याकडे.

बाकीची तयारी एसीची नाही, पण तीही करावी लागते.
कुकर अकराच्या आत.
बेलच्या लंगराला चिंधी.
पोरगी खुणेनं विचारते, मी खुणेनं ओरडते.

झोपे म्हणाला, दहा मिनिटं खोलीत बसून बघा,
मी वर गॅस तपासतो.
बसले.
स्टॅबिलायझर टक् झाला, मग एक बारीक घरघर,
मग गुडघ्यांवर गार काहीतरी उतरलं.
कवडसा शोधला, नव्हता.
जरा टेकले.
अकरा वर्षं ही रात्र करतेय मी,
आणि दार नेहमी बाहेरून लोटून घेतलेलं.

उठले तेव्हा पावणेपाच.
झोपे जिन्याच्या पायरीवर,
हत्यारांची पिशवी मांडीवर,
शेजारी रिकामा तांब्या, काकूंच्या घरचा.
"हाक नाही मारली," म्हणाला,
"म्हटलं बघू, किती वेळ धरतो."
पैसे मोजून दिले.
गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता,
त्यानं पाहिला नाही असं दाखवलं.

सातला बडनेऱ्याहून फोन.
झाला का एसी?
झाला.
किती वेळात गार होते खोली?
माहीत नाही, मी म्हटलं.